रिकाम्या खाटेवरचं वजन

दुपारची जेवणं आटोपली की अतिदक्षता विभागाला गुंगी येते. यंत्रं आपली टिकटिकत राहतात, माणसं मात्र दबकून बोलतात. अशा वेळी सिस्टर टॉर्च घेऊन रंगाऱ्याच्या खाटेशी गेली. परांचीवरून पडलेला तरुण पोरगा, नखांत अजून निळा रंग. डोळ्यांवर उजेड टाकला, बाहुल्या हलल्या नाहीत. घशातली नळी साफ केली, ठसका आला नाही. श्वासही यंत्रच घेत होतं.

असं झालं की अवयवदानाच्या समन्वयक बाईंना लगेच कळवायचं, हा तिथला नियम. त्यातला 'लगेच' मोठ्या डॉक्टरांना कधी मानवला नव्हता.

"आधी याच्या बहिणीशी बोलू, मशीन काढायचं ठरू दे," ते कुजबुजले. "माणूस अजून समोर आहे आणि तुम्ही..."

"कळवणं म्हणजे मागणं नव्हे, डॉक्टर. मशीन काढून मग कळवायचं, म्हणजे वरातीमागून घोडं."

"मी सांगेपर्यंत फोन करायचा नाही." आणि ते बाहेर बसलेल्या त्या बहिणीकडे गेले.

तेवढ्यात डिझेलचा वास आला. शेजारच्या रिकाम्या खाटेवरची ताजी चादर हळूहळू खाली दबली, कुणी थकून टेकावं तशी. मागे त्याच खाटेवर एक बस ड्रायव्हर वारला होता. 'आधी ठरू दे' म्हणत म्हणत यंत्र काढलं, आणि मागाहून त्याची बायको दारात उभी. "त्यांना सगळं द्यायचं होतं हो. मला कुणी विचारलंच कसं नाही?"

सिस्टरच्या अंगावर काटा आला. पण बाई हाडाची हट्टी.

"बसायचं तर बस," ती चादरीला दरडावून म्हणाली, "मला घाबरवू नकोस. कामं पडली आहेत."

रंगाऱ्याचा रक्तदाब उतरत चालला होता. आता थांबलं तर द्यायला काही उरणार नव्हतं. तिने फोन उचलला. बोलणं संपतंय तोच डॉक्टर परत आले आणि त्यांचा पारा चढला.

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. मला दुसरी मिळेल. याला दुसरी वेळ मिळायची नाही."

समन्वयक बाई आल्या. त्यांनी बहिणीला आधी पोटभर रडू दिलं. चाचण्या रीतसर दोनदा झाल्या, मेंदू गेल्याचं पक्कं झालं, तेव्हा कुठे त्यांनी विचारलं.

"तो कधीचा म्हणायचा," बहीण म्हणाली, "ताई, माझं काही वाया घालवू नकोस."

सकाळी रंगाऱ्याला शस्त्रक्रियेला नेलं. शेजारची चादर सपाट झाली होती, वासही गेला होता. सिस्टरने चादरीवरून हात फिरवला आणि तिला एकदम रडू फुटलं. गेला बिचारा ड्रायव्हर, सुटला.

"सिस्टर..." खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींनी हाक मारली. आजी आता ठणठणीत, दुसऱ्या दिवशी घरी जाणार होत्या, चहात साखर कमी म्हणून नुकत्याच भांडल्या होत्या. "पायाशी बसलेल्या माणसाला उठव ना गं... पाय दबतायत माझे."

पायथ्याशी कोणी नव्हतं. पांघरूण मात्र खोल दबलेलं होतं. डिझेलचा वास नव्हता, रंगाचाही नव्हता. कसलाच वास नव्हता.

"ऊठ," सिस्टर म्हणाली. "यांना घरी जायचंय, तुझ्यासोबत नाही. ऊठ म्हणते ना!"

पांघरूण आणखी थोडं दबलं.

तिने स्टूल ओढलं आणि आजींचा हात घट्ट धरला.

"बरं, बस. मीही बसते. बघू आधी कोण उठतं ते."