वा, काय लाटा आहेत!

तो पहिल्यांदा आला तो आमच्या कॅशवाल्या काकांचा चष्मा द्यायला. समोरच्या चष्म्याच्या दुकानात तो कामाला होता. मी आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात व्हीआर हेडसेटचा डेमो द्यायला उभी असायचे, आणि त्या दिवशी सकाळपासून एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. म्हटलं, चला, हा तर हा!

"या ना, फुकट आहे. समुद्र दाखवते."

"मला पाण्याची भीती वाटते," तो म्हणाला... आणि तरीही आला.

"चष्मा काढा."

"काढला तर तुम्ही दिसणार नाही."

"हे डोळ्यांवर चढवल्यावर तशीही मी दिसणार नाहीये."

"मग... कशाला चढवू?"

मला हसू फुटलं. फुटायला नको होतं खरं तर, कारण माझं लग्न ठरलेलं होतं.

भाऊजींशी. ताई गेली तेव्हा तिची लेक जेमतेम पावलं टाकायला लागली होती. तेव्हापासून तिला भरवणं, न्हाऊ घालणं, थोपटणं सगळं माझ्याकडेच आलं. भाऊजी भले आहेत. माझ्याशी बोलताना अजूनही जमिनीकडे बघतात. मोठ्यांनी विषय काढला आणि मीच 'हो' म्हणून मोकळी झाले. कुणी गळ घातली नव्हती. आदल्याच रात्री ती पोर अर्धवट झोपेत मला 'मावशी' म्हणता म्हणता 'आई' म्हणाली होती. त्यानंतर नाही कसं म्हणणार?

हे चष्मेवाल्याला सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे, आणि रोज तो आला की विसरायचे.

कारण तो येतच राहिला. काकांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय, काडी वाकली असेल, काच पुसून देतो... निमित्तं काय कमी! शेवटी काकाच वैतागले. "अरे, मला आता स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले. "सगळंच!" चष्मेवाल्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार.

मग तो हेडसेट चढवायचा आणि मी त्याच्या समोर उभी राहायचे. लाटेत पाय भिजवायला लोक खुशाल पुढे चालत येतात, आणि पुढे काचेचं कपाट होतं. म्हणून त्यांना अडवायला कुणीतरी लागायचं. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. आतल्या माणसाला जे दिसतं ते सगळं त्यावर यायचं, जरासं उशिरा... म्हणजे बघणाऱ्यांनाही मोह पडावा.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. चष्मेवाल्याने सवयीने चष्मा सावरायला बोट वर नेलं. चष्मा कुठला असायला! बोट हेडसेटच्या कडेवर दोनदा आपटलं. तिथे दोनदा टिचकी मारली की समुद्र जातो आणि समोरची खरी खोली दिसायला लागते, हे त्याला कुठे ठाऊक?

त्याने हात खाली घेतला. मग जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "वा! काय लाटा आहेत!"

कुणीतरी फिसकन हसलं. मी मान वर करून टीव्हीकडे बघितलं.

टीव्हीवर लाटा नव्हत्या. मी होते. अख्ख्या भिंतीएवढी मी! आणि चित्र उशिरा येत असल्यामुळे मला माझा मघाचा चेहरा दिसला, त्याच्याकडे बघतानाचा. गालात हसू, आणि डोळे असे, की दुसऱ्या कुणाचे असते तर मीच तिला चिडवलं असतं. घरच्या आरशात ही बाई मला कधी भेटली नव्हती. मग टीव्हीतल्या मीसुद्धा मान वर केली आणि तिचं हसू विझलं.

"वा... ही तर मोठीच आली..." तो अजून लाटा मोजत होता.

"चष्मेवाले," मी हळूच म्हणाले. "टीव्हीवर मी दिसतेय. सगळ्यांनी बघितलंय."

त्याने हेडसेट काढला. मी चष्मा त्याच्या हातात दिला. जन्मात काउंटर न सोडणारे काका उठले, "चला, फ्रीज बघा, नवीन आलेत," म्हणत सगळी गर्दी पलीकडे घेऊन गेले.

"आता लपवायला काय राहिलं?" तो म्हणाला. "मला तुम्ही—"

"आधी ऐकून घ्या," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. ताई, भाऊजी, ती पोर, तो शब्द.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आणि तुम्ही हो म्हणालात... मनापासून?"

"मुलीसाठी, मनापासून."

"माझ्यासाठी काहीच...?"

"आवडता तुम्ही मला," मी म्हणाले. "खूप. डोळ्यांवर चष्मा नव्हता म्हणून, नाहीतर तुम्हालाही स्वच्छ दिसलं असतं."

त्याने मान खाली घातली. "मी थांबवलं तर थांबाल?"

"नाही."

"मग 'थांबा' नाही म्हणत."

"म्हणा," मी म्हणाले. "एकदाच... मला ऐकायचंय."

पलीकडे काका फ्रीजची दारं उघडत होते, बंद करत होते. तो इतक्या हळू बोलला की मला ओठांवरूनच कळलं.

"थांब."

थांबा नाही. थांब. इतके दिवस अहो-जाहो करणारा तो मला पहिल्यांदाच एकेरीत बोलला होता.

माझी कामाची वेळ संपली होती आणि बालवाडी सुटत आली होती. पोर दारात उभी असेल, येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत. मी पर्स उचलली. रस्ताभर रडत गेले, पण थांबले नाही.