चव सांगणारा रोदेल

फिलिपिन्समधल्या लुकबान गावी, चर्चमागच्या गल्लीत मारिविकचा हबहबचा गाडा होता. केळीच्या पानावर गरम नूडल्स, वर व्हिनेगरची धार. चमचा नाही, काटा नाही... पान तोंडाशी धरायचं आणि खायचं.

रोदेल पहिल्यांदा आला तो भुरभुर पावसात, शेजारच्या तायाबास गावाहून नारळाच्या व्हिनेगरचे कॅन घेऊन. कॅन उतरवून त्याने एक पान मागितलं. पहिल्याच घासाला थांबला. तिच्याकडे बघितलं, पुन्हा पानाकडे.

"मीठ घालताना कुणाची आठवण येत होती का?"

"आवडलं नसेल तर ठेवा," ती फणकारली.

त्याने पान साफ केलं आणि वर घटाघटा पाणी प्यायला. दिवसभर तिला त्याचा राग येत राहिला. रागाचं कारणही तिला ठाऊक होतं. खरं बोलणारा तो पहिलाच होता.

जानेवारीतल्या तापाने तिच्या तोंडाची चव गेली होती, नाकाचा वासही. गाडा आईचा, बोटं आखडल्यावर आईने तो विश्वासाने लेकीच्या हाती दिलेला. आईला हे सांगायचं कसं? मारिविक अंदाजाने मीठ घालत राहिली आणि गिऱ्हाइकं हळूहळू पांगत गेली.

पुढच्या खेपेला रोदेलला कोपऱ्यावरूनच जळक्या लसणाचा वास आला. मारिविक कढईकडे पाठ करून कोबी चिरत होती. त्याने गुपचूप आच कमी केली. ती वळली.

"वास नाही आला?" त्याने हलकेच विचारलं.

काहीतरी थाप मारावी असं तिच्या मनात आलं, पण जमलं नाही. "चवही नाही कळत," ती म्हणाली. "कुणाला सांगू नका."

त्याने कुणाला सांगितलं नाही. मात्र रोज सकाळी गाडा लागायच्या आधी तो हजर व्हायचा. निमित्त व्हिनेगरचं. गाड्याखाली कॅनवर कॅन साचले, तरी आणायचा. पहिला घाणा उतरला की चाखायचा आणि सांगायचा, मीठ कमी, सोया थोडा जास्त.

"एवढं कुणीही सांगेल," ती एकदा म्हणाली. "मला सांगा, लागतं कसं?"

तो विचारात पडला. "व्हिनेगर आधी चिमटा काढतं... मग गालातल्या गालात हसतं."

"कुणासारखं?"

"नाव सांगितलं तर पान काढून घ्याल."

ती चुलीवर जरा जास्तच वाकली. गाल लाल झालेच, तर आचेवर ढकलता आले असते.

मे महिन्यात सान इसिद्रो या संताचा सुगीचा सण आला. घराघरांवर तांदळाच्या रंगीत पापड्यांच्या माळा चढल्या, गल्ली माणसांनी फुलली. सकाळी रोदेलने चाखून सांगितलं, "छान. एकदम छान."

दुपारी समोरची सॉसेजवाली पासिंग मावशी गल्ली ओलांडून आली. मीठ पार विसरलीस की काय, असं तिने कानात विचारलं. मारिविकने कचऱ्याच्या टोपलीत बघितलं. अर्धवट खाल्लेल्या पानांचा ढीग.

संध्याकाळी रोदेल आला, तेव्हा तिचा आवाज चढला नाही. "खोटं का बोललात?"

त्याने एक पान उचललं, खाल्लं, पुन्हा खाल्लं. "मला अजूनही छानच लागतंय." मग त्याने गोंधळून पान खाली ठेवलं. "खोटं नाही बोललो. बरेच दिवस झाले, तू समोर असलीस की मला सगळंच छान लागतं. आता माझ्या जिभेवर भरवसा ठेवू नकोस."

'तू' कधी आलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. तिला कळलं.

ती तडक गल्ली ओलांडून गेली आणि पासिंग मावशीला सगळं सांगून टाकलं... ताप, चव, आईपासूनची लपवाछपवी. मावशीने आधी तिला झापलं, मग जवळ घेतलं. उद्यापासून चव मी बघेन म्हणाली, पण आईला आज तूच सांग.

मारिविक परत आली तर रोदेल रिकामे कॅन गोळा करत होता.

"म्हणजे माझं काम संपलं," तो म्हणाला.

"संपलं." तिने दोन पानं वाढली. "आता नुसता खायला ये. मी खाते तेव्हा."

तापापासून ती उभ्यानेच चार घास पोटात ढकलत आली होती. आज ती बाकावर बसली, शेजारी जागा ठेवून. दोघांनी पानं तोंडाशी धरली.

"कसं लागतंय?" त्याने विचारलं.

"गरम," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली... "आणि छान."