पेन्सिलीचं दार

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. माझा हा मित्र दुकानात बसून जुने नकाशे स्कॅन करत होता. गोष्ट त्याचीच, मी पदरचं काही घालत नाहीये. आणि ए, दिवा राहू दे बंद. ऐका.

नकाशे एका शाळेचे. त्याच्या थोरल्या भावानं, दादानं, तरुणपणी हातानं काढलेले. आता शाळेची दुरुस्ती निघाली होती आणि ठेकेदाराला ते कॉम्प्युटरवर हवे होते. दादा थकून घरी बसलेला, पण जीव कागदांत.

"शाई म्हणजे आधी ठरलेलं, पेन्सिल म्हणजे नंतर सुधारलेलं," तो बजावायचा. "तुझं मशीन माझ्या पेन्सिलीला मळ समजतं."

"दादा, डाग काढायचं बटणच आहे. एका झटक्यात सगळं साफ."

"डाग काढ बाबा. मला काढू नकोस म्हणजे झालं."

दोघं हसले होते.

त्या दुपारी दादाचा फोन वाजला. आता अर्धा तास ऐकवणार, असं म्हणून यानं फोन पालथा घातला. संध्याकाळी वहिनींचा आला. "भावजी... लवकर या."

पुढे काय सांगू? याला सांगावं लागलं नाही.

दादाचं दिवसकार्य झालं, माणसं पांगली. नंतरच्या गुरुवारी रात्री तो दुकानात एकटाच बसला. ठेकेदार सकाळी येणार होता. शटर अर्धं ओढलेलं. शेवटचं एकदा बघावं म्हणून यानं सभागृहाचा नकाशा उघडला, तर दारापाशी एक फिकट रेघ.

"कसली रेघ, काका?"

अरे, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला पाव गोल काढतात. शाईतलं दार आत उघडत होतं. ही रेघ बाहेरच्या बाजूला होती.

त्यानं बटण दाबलं. रेघ गेली. फाइल बंद करून पुन्हा उघडली.

रेघ होती.

स्कॅनरच्या काचेवर काही असेल म्हणून त्यानं काच लख्ख पुसली. कोरा कागद ठेवला. झाकणाखालून उजेड सरकत गेला. पडद्यावर कोरा कागद आला...

आणि त्यावर पाव गोल.

मागे आवाज झाला. खर्र... खर्र... ब्लेडनं पेन्सिल तासावी तसा.

त्यानं मान वळवली नाही.

"दादा?"

आवाज थांबला.

...

मग त्यानं मूळ कागदाची गुंडाळी सोडली. इतक्या दिवसांत नीट पाहिलीच नव्हती. शाईच्या दाराला पेन्सिलीची काट. शेजारी बाहेर उघडणारं दार आणि दादाचं बारीक अक्षर: "मुलं लोंढ्यानं येतात. आत उघडलं तर चेंगरतील."

बटणानं हेच साफ केलं होतं. सकाळी हाच नकाशा ठेकेदाराच्या हातात जाणार होता.

उजाडेपर्यंत तो एकेक कागद भिंगानं बघत बसला. दार सुधारलं. रेघ पुन्हा आली नाही. आवाजही नाही.

सकाळी आवरताना त्यानं स्कॅनरचं झाकण उचललं. रात्री पुसलेल्या काचेवर पेन्सिलीचं एक सालपट पडलं होतं. ताजं. लाकडाचा वास येत होता.

दुकानात पेन्सिल नव्हतीच रे. कितीतरी वर्षं नव्हती.

सालपट त्यानं पाकिटात ठेवलंय, मी पाहिलंय. त्याच्या फोनवर दादाचा तो न उचललेला कॉल अजून लाल दिसतो. त्यानं तो परत लावलेला नाही.