तळाची खरवड

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर हसा. पण माझी मावसबहीण दुर्गा खोटं बोलत नाही, आणि ती खरवड मी या डोळ्यांनी पाहिलीय.

मागच्या मार्चमधली गोष्ट. कुरखेड्याहून सात किलोमीटरवर, जंगलाला लागून तिचं सासर. सासू बुधरीबाईंची तेरवी होती. वेळ भर दुपारची.

अंगणात जो तो बाईंचेच गुण गात होता. नवऱ्याला लकवा मारला, तर नऊ वर्षं त्याचं सगळं अंथरुणात केलं. मोहफुलं वेचून पोराला शिकवलं. नात दीपिका तर आजीच्याच हातून जेवायची. आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय बाईंनी कधी घास घेतला नाही!

गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान तेरवीला घरामागे ठेवतात. दुर्गानं पळसाची पत्रावळ घेतली.

"बाईले का आवडे?"

जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला.

"वडे ठेव," नवरा प्रफुल्ल म्हणाला.

"वडे तुमाले आवडते."

तिनं खाटेवरच्या सासऱ्याकडे पाहिलं. सुकलूबाबांनी मान खाली घातली. चाळीस वर्षांचा संसार, अन् बायकोला काय आवडतं ते ठाऊक नाही! मला तर अजून संताप येतो.

शेवटी वडे, पुरी, खीर, सगळंच ठेवलं.

तास गेला...

कावळा नाही. कुत्रं नाही.

मुंग्यांची रांग पानापर्यंत आली... आणि वळसा घालून निघून गेली.

पानाला कोणी शिवल्याशिवाय पंगत कशी बसणार? भुकेनं दुर्गाचं डोकं फिरलं.

"जनमभर उरलंसुरलंच खाल्लं ना, बाई? मंग तेच घ्या!"

भाताच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी करपलेली खरवड तिनं सराट्यानं खरडून काढली आणि पानावर आपटली.

गंज खाली ठेवून वळली, तर...

खरवड नव्हती. वडे तसेच होते.

लोक खूश झाले. जेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुर्गानं भात शिजवला आणि दीपिकाला हाक मारायला अंगणात गेली. आतून आवाज आला...

खर्र... खर्र...

बाई जेवायला बसल्या की गंज असाच खरवडायच्या.

तिनं धावत येऊन झाकण काढलं. भात गायब. तळाला फक्त करपलेला थर, आणि त्यावर चार बोटांचे ओरखडे.

मग रोज तेच. प्रफुल्ल गंजासमोर मांडी घालून बसला, तरी तेच. घाबरून दुर्गा पोरीला घेऊन आमच्याकडे आली. आमच्या गंजातही तेच!

पंधरा दिवसांत दीपिकाच्या बरगड्या दिसायला लागल्या.

"आजी मले घास नाई देत," एवढंच ती म्हणायची.

दुर्गा पोरीला घेऊन परत गेली आणि चुलीसमोर डोकं टेकून रडली.

"पोरीले सोडा, बाई! उरलेलं मी खाईन. जनमभर खाईन!"

त्या दिवशी झाकण काढलं... गंज भरलेला.

तेव्हापासून घर सुरळीत आहे. दीपिका बाळसं धरतेय. प्रफुल्लचं पोट सुटलंय. सगळ्यांचं झालं की दुर्गा बसते, खरवड घेऊन. 'तू जेवली का?' असं घरात कोणी विचारत नाही.

परवा मी गेले होते. दीपिकानं सहज विचारलं,

"आई, तुले का आवडते?"

दुर्गा हसली.

"मले..."

हसू गेलं. तिला आठवेना. ती माझ्याकडे बघायला लागली.

चुलीपाशी कोणी नव्हतं. तरी आवाज आला...

खर्र... खर्र...

आम्ही दोघी लहानपणी एका ताटात जेवलोय हो. पण मलाही सांगता आलं नाही.