घरोबा नसल्याचा दाखला

"आठ दिवस अबोला धरला आईशी, तरी चौतीस! दारातून मला बघितलं आणि लागली ना रडायला. गेली सूट."

मनगटावरचा पट्टा सोडत जाधव कुरकुरला. सातपूरच्या पंप कारखान्याचं कँटीन आज मोजणीसाठी रिकामं केलं होतं. रांगेत त्याच्यामागे होता स्टोअरमधला विहान खैरनार, आणि शेजारी त्याची आई, वैशालीबाई.

फेब्रुवारी म्हणजे पगारदारांचा पुरावे देण्याचा महिना. आईवडिलांच्याच घरात राहायचं, त्यांना भाडं दिल्याच्या पावत्या जोडायच्या आणि प्राप्तिकरात सूट घ्यायची, ही जुनी वहिवाट. पावती खरी की नावापुरती, हे ओळखायला खात्याने आता शरीरशास्त्र आणलं होतं. जिव्हाळ्याच्या दोन माणसांतलं एक बोलायला लागलं, की दुसऱ्याच्या नाडीची नि श्वासाची लय नकळत बदलते. या बदलाचं शंभरपैकी माप म्हणजे 'घरोबा'. बसथांब्यावरच्या अनोळखी माणसांचा तो पाचसहा भरतो. दहाच्या आत असला तर भाडं खरं, सूट मंजूर. वर गेला तर सगळा घरचाच मामला, सूट रद्द.

प्रेमाला सूट नव्हती, इतकंच.

विहानला ती हवीच होती. नव्या गाडीचा हप्ता त्याने तिच्याच भरवशावर बसवला होता.

"आई, मोजताना माझ्याकडे बघू नकोस हं."

"बरं," वैशालीबाई म्हणाल्या.

मोजणीला आलेल्या डॉ. मुजावरांनी दोघांना पट्टे बांधले. "बोला एकमेकांशी."

"काय बोलायचं?"

"रोज बोलता तेच."

विहानने बराच विचार केला. "मोटर बंद केलीस?"

"केली."

पडद्यावर हिरवी खूण उमटली. "तीन. मंजूर," डॉक्टर म्हणाल्या.

"तीन?" बाजूला थांबलेला जाधव ओरडला. "काय औषध दिलंस रे काकूंना? आम्हालाही सांग की!" रांग हसली. विहानही हसला.

"आणि आम्ही भांडलोही नव्हतो, डॉक्टर!"

"भांडणाने घरोबा कमी होत नाही. भांडताना तर नाडी उड्या मारते." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "दोघांचे आकडे वेगळे निघतात. त्यातला कमी असेल तो धरायचा, असा नियम आहे. तुमचा अठ्ठावन्न आलाय."

विहानला क्षणभर काही उमजेना. "मग तीन...?"

डॉक्टर पडदा पुसत राहिल्या. "थकव्यानेही होतं कधी कधी. पुन्हा मोजू या का? मात्र नवा आकडा येईल तोच कायम राहील. सूट जाऊ शकते."

विहानने आईकडे पाहिलं, मग त्या हिरव्या खुणेकडे.

"नको. राहू द्या." तो घाईघाईने बोलू लागला. "बीपीची गोळी घेते ती, त्यानेच असेल. नाहीतर पट्टा सैल बसला असेल. तिचं तसं काही नाही हो. आई, सांग ना यांना."

वैशालीबाईंनी पट्टा स्वतःच सोडला. मनगटावर लाल वळ उठला होता, तो त्या चोळत राहिल्या.

"पट्टा घट्टच होता," त्या म्हणाल्या. "पूर्वी तुझी किल्ली दारात वाजली, की हातातलं टाकून उठायचे मी. हल्ली नुसतं कळतं, कुणीतरी आलं. उगाच यंत्राला नावं ठेवू नकोस, विहान. मला आता तुझं काही वाटत नाही."