पाच फरशा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. तिच्यासमोर बसून, तिच्याच तोंडून मी हे तीनदा ऐकलंय, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

काळोखी रात्र, घुबडाचा आवाज, असलं काही यात नाही. गुरुवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. हॉस्पिटलचा तिसरा मजला, हृदयरोगाचा संशोधन विभाग. सगळ्या ट्यूबलाइट लख्ख पेटलेल्या.

आणि त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मावशी एकटीच होती...

निदान तिला तसं वाटत होतं.

आधी तिचं काम सांगतो. कमजोर हृदयाच्या पेशंटसाठी एक नवीन गोळी आली होती. ती खरंच गुण देते का, हे तपासायचं होतं. त्यासाठी पेशंटना दर तीन महिन्यांनी सहा मिनिटं चालायला लावायचे. तीस मीटरच्या अंतरावर जमिनीवर दोन पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांवर दोन नारिंगी कोन. या कोनापासून त्या कोनापर्यंत एक खेप. खेपा मोजायच्या, तिसाने गुणायचं, आकडा कागदावर लिहायचा. संपलं काम.

पेशंटच्या बरोबर चालायचं नाही, हा नियम. गप्पा नाहीत. खुर्चीत बसून दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोलायचं. "छान चाललंय. अजून पाच मिनिटं आहेत." मग चार. मग तीन.

आणि एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा. मागच्या वेळेपेक्षा आकडा तीस मीटरहून जास्त घसरला, तर पेशंटला घरी सोडायचं नाही. लगेच डॉक्टरांना कळवायचं.

हे काम आधी विभागातली एक सीनियर बाई करायची. सगळे तिला मोठी ताई म्हणायचे. मावशी तिच्या हाताखाली होती. मोठ्या ताईचे पेशंट भरपूर चालायचे. नियम तेच, वाक्य तेच, खुर्चीसुद्धा तीच. तरी तिच्यासमोर म्हातारी माणसं अशी चालायची, जणू पलीकडच्या कोनाशी त्यांचं काहीतरी राहिलंय. जाताना तिचा हात हातात घेऊन निरोप घ्यायची. मावशीकडे बघून नुसती मान हलवायची.

मावशीच्या पोटात दुखायचं. ती हे लपवत नाही. "मी तिच्यावर जळायचे," ती सरळ सांगते. "तिचं अक्षरसुद्धा मला बघवायचं नाही. गोल, टपोरं. शाळेतल्या फळ्यावर शोभेल असं."

मग एका रविवारी मोठी ताई गेली. घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदयानेच.

सगळा विभाग रडला. मावशीही रडली. पण आता ते काम आपलं, हे रडतानाही तिच्या डोक्यात होतं.

काम मिळालं. पेशंट मात्र मिळाले नाहीत.

"मोठ्या ताई दिसत नाहीत?"

"त्या होत्या तेव्हा कसं बरं वाटायचं..."

रोज हेच. आणि आकडे पडले. कुणाचा वीसने, कुणाचा पंचविसाने. मीटिंगमध्ये मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्याकडे काम आलं आणि सगळे आकडे खाली? गोळी तीच, पेशंट तेच. मोठ्या ताई असत्या तर..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. बाई मेली, जाळून झाली, तरी अजून तिचीच बरोबरी करायची!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पलीकडचा कोन उचलला आणि पाच फरशा अलीकडे ठेवला.

तीन मीटर. फक्त तीन. पट्टीवर पायपुसणं टाकलं. खेप आता सत्तावीस मीटरची झाली, पण कागदावर गुणायचं तिसानेच.

आठवडाभरात आकडे वर आले. डॉक्टर जिन्यात थांबून म्हणाले, "आता बसला तुमचा जम." मावशी त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली.

तीन आठवडे असेच गेले. तेरा पेशंट.

पण एक गोष्ट खटकत होती. सकाळी येऊन बघावं, तर कोन पुन्हा पाच फरशा मागे, बरोबर पट्टीवर...

पायपुसणं नीट घडी करून भिंतीशी ठेवलेलं.

सफाईवाल्याचं काम असणार. मावशीने त्याला झापलं. तो म्हणाला, "मी कशाला हात लावू? त्या टोकाला मी झाडूसुद्धा भीत भीत मारतो." का, ते मावशीने विचारलं नाही.

तर, तो गुरुवार.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. मावशीने कोन अलीकडे ओढून ठेवला, खुर्चीत बसली, कागदांकडे वळली.

सर्रर्र...

प्लास्टिक फरशीवरून घासत जावं तसा आवाज. सावकाश. एक फरशी... थांबला. दुसरी... थांबला.

पाच वेळा.

तिने मान वर केली. कोन पट्टीवर होता. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं.

कुणालाही घाम फुटला असता. मावशीला राग आला. ती तरातरा गेली, कोन दाणकन अलीकडे आपटला आणि रिकाम्या कॉरिडॉरला म्हणाली, "आता हे माझं काम आहे. समजलं?"

त्या टोकाची ट्यूब एकदा मिणमिणली.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका आले. निवृत्त बसड्रायव्हर, आवाज हॉर्नसारखा. तीन महिन्यांपूर्वी तीनशे साठ मीटर चालले होते. आज पाय सुजलेले दिसत होते. मावशीने घड्याळ सुरू केलं.

"छान चाललंय. अजून पाच मिनिटं आहेत."

काका चालताना भिंतीच्या बाजूला सरकले. शेजारून आणखी कुणी चालत असावं, त्याला जागा द्यावी, तसे...

"छान चाललंय. अजून चार मिनिटं आहेत."

काकांनी मान वळवून डाव्या हाताला बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. ओठ हलले.

डाव्या हाताला कुणी नव्हतं.

बारा खेपा झाल्या. काका धापा टाकत खुर्चीत कोसळले. दम सापडल्यावर जे बोलले, ते मावशी अजून तस्संच करून दाखवते.

"तुम्ही दोघी आधी आपसात ठरवा बरं! तुम्ही म्हणता छान चाललंय, चाला. आणि ती कानाशी सारखी म्हणतेय, बसा, दादा, बसा. माणसाने ऐकायचं कुणाचं?"

"कोण ती?"

काकांनी कॉरिडॉरकडे बघितलं. मग मावशीकडे. "आत्ता तर होती..."

तरी मावशीने कागद ओढला. बारा गुणिले तीस. तीनशे साठ. जैसे थे. काकांना घरी जायला सांगितलं, फाइल घ्यायला वळली, परत कागदाकडे बघितलं.

चौकटीत आकडा होता तीनशे चोवीस.

गोल, टपोरं अक्षर...

बारा गुणिले सत्तावीस. तो सत्तावीस जगात फक्त मावशीला माहीत होता.

म्हणजे काकांचा आकडा छत्तीसने घसरला होता. नियमाप्रमाणे त्यांना थांबवायला हवं होतं. काका अजून लिफ्टपाशीच होते, काचेतून दिसत होते. नुसती हाक मारायची होती.

मावशीने हाक मारली नाही.

"का?" मी तिला विचारलं होतं.

"कारण तिला हवं होतं म्हणून," मावशी म्हणाली. "मेल्यावरही तीच बरोबर, मीच चूक. माझ्या कागदावर तिचं अक्षर! मला ते सहन झालं नाही."

तिने तो कागद फाडून टोपलीत टाकला. नव्यावर तीनशे साठ लिहिलं. लिफ्टचं दार बंद झालं.

पुढचे दोन तास ती टेबलापाशीच बसून होती. टेबलावर टेलिफोन. तो वाजला नाही. तिने उचललाही नाही.

पाच वाजता खाली इमर्जन्सीत धावपळ झाली. ड्रायव्हरकाकांना मुलाने रिक्षातून परत आणलं होतं. फुफ्फुसांत पाणी भरत चाललेलं. मोठ्या डॉक्टरांनी मावशीला बोलावून घेतलं, फाइल उघडली, कागदावर नजर टाकली आणि चक्क तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"छत्तीसची घसरण वेळेवर पकडलीत. तुम्ही फोन केला नसतात तर हे सकाळपर्यंत राहिले नसते."

कागदावर तीनशे चोवीस होते.

काकांची बायको पुढे आली, मावशीचे हात धरून रडायला लागली. "पावणेचारला तुमचा फोन आला, ताई. किती शांत आवाज! मागे कुणीतरी चालत होतं..."

मावशीने तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही केला फोन, म्हणायला हवं होतं.

पण सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. नर्स, डॉक्टर, पेशंटचे नातेवाईक. इतकी वर्षं ज्या नजरेने मोठ्या ताईकडे बघितलं जायचं, अगदी तीच नजर. "ते माझं कामच आहे," मावशी म्हणाली.

जिना उतरताना मनात आलं, उरलेल्या तेरा जणांचं काय? त्यांनाही त्याच सत्तावीस मीटरवर चालवलंय. वर जाऊन कागद बघावेत का?

उद्या बघू, ती म्हणाली. आज नको. आजचा दिवस तिला असाच हवा होता. घरी आरशासमोर उभी राहून हसत होती, तर आजीने विचारलं, "आज स्वारी खुशीत?"

शुक्रवारी सकाळी आठ वाजता तिने बाकीच्यांची फाइल उघडली. एक कागद... दुसरा... तिसरा... सगळीकडे तिचा आकडा गायब. सगळीकडे ते गोल अक्षर. त्यातल्या एकाच पेशंटची घसरण तिसाच्या वर होती, लॉन्ड्रीवाल्या आजींची. मावशीने फोन लावला.

"काल संध्याकाळीच तुमचा फोन आला ना," त्यांची सून म्हणाली. "रात्रीच दाखल केलं त्यांना. बऱ्या आहेत."

मावशीने सुस्कारा सोडला. मग शेवटचा कागद उलटला.

त्यावरचं अक्षर बदललेलं नव्हतं. ते मावशीचंच होतं.

ग्रंथपालांचा कागद. मंगळवारी चालून गेलेले. सगळ्या पेशंटमध्ये हे एकटेच असे, की त्यांनी मोठ्या ताईची चौकशी कधी केली नव्हती. मावशीशीच बोलायचे, तिच्याच हाताला धरून उठायचे. मावशीचा स्वतःचा म्हणावा असा एवढाच एक पेशंट.

अकरा खेपा. तिने लिहिलं होतं, तीनशे तीस, बदल नाही. तिने स्वतः सत्तावीसने गुणलं. दोनशे सत्त्याण्णव.

तेहतीसची घसरण.

फोन बराच वेळ वाजत राहिला. मुलाने उचलला.

"बाबा पहाटे गेले."

मावशी म्हणाली, "काल... आमच्याकडून कुणाचा फोन आला होता का?"

"नाही. संध्याकाळभर फोनपाशी बसून होते. जेवायला बोलावलं तर म्हणाले, थांब, काही कमी-जास्त असेल तर आपल्या ताई कळवतील."

मावशीने त्याच दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कोन, फरशा, सत्तावीस, सगळं. तिचे तीन आठवडे अभ्यासातून वगळले. नोकरी गेली. डॉक्टरांनी ते तेरा कागद एकेक करून बघितले, अक्षरावरून बोट फिरवलं, आणि काही न विचारता ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

आता ती चष्म्याच्या दुकानात बसते. गेल्या वेळी मी तिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, "मावशी, मोठ्या ताईचा तुझ्यावर विश्वास असेल. तुझा पेशंट तिने तुझ्यासाठी ठेवला."

मावशी माझ्या अंगावर ओरडली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तसं पुन्हा बोलू नकोस! तीही माझ्यावर जळत होती. माझा एक पेशंट तिला बघवला नाही, म्हणून तिने फोन केला नाही. एवढंच."

मग हातातली चष्म्याची काच पुसत राहिली.

"तसं धरून चाललं तरच मला झोप लागते रे," ती म्हणाली.