लाल खुंट्यांची बाग

"मी इंजिनाच्या डब्यात बसणार! आताच सांगून ठेवतो!" देवीदासनं जाहीर केलं.

"इंजिनाले डबा असते का रे?" कमलिनी म्हणाली. "इंजिन तं इंजिन असते!"

"लहान आगगाडीले असते!"

"तू पायली कवा?"

"पायली नाही. पण मालकानं सांगितलं न!"

कमलिनीनं विषय बदलला. "मी तं पयले अस्वल पाहीन. अन् तू वं, सत्या?"

विटांच्या ढिगावर दोघांच्या मधे बसलेली सत्यशीला समोरच्या मैदानाकडे बघत होती. मैदानात लाल रंगाच्या खुंट्या एका ओळीत उभ्या होत्या. आगगाडी म्हणे तिथूनच जाणार होती.

"मी काईच नाही," ती म्हणाली.

दिवाळीची सुटी होती. दूरवर पोलादाच्या कारखान्याच्या चिमण्यांमधून धूर निघत होता. पहिली भट्टी पेटून पावणेदोन वर्षं झाली होती, तरी बांधकाम काही संपायचं नाव घेत नव्हतं. माणसं येतच होती आणि राहायला जागा मिळेल तर शपथ! हथखोज गावाच्या वाटेवरच्या या बारा खोल्या म्हणूनच सोन्याच्या झाल्या होत्या. त्या दुर्गच्या कृष्णरावांच्या. सगळे त्यांना मालक म्हणत.

दसऱ्याला मालक आले ते बगलेत निळ्या कागदाची गुंडाळी मारूनच. बाजेवर कागद पसरून त्यांनी सांगितलं, "कारखान्याची मोठी बाग होणार आहे, बरं का! इथंच, तुमच्या दारासमोर! तळं, तळ्यात नावा, चक्री पाळणे, वाघ, अस्वल, आणि सगळ्याला वळसा घालणारी छोटी आगगाडी! खुंट्यासुद्धा ठोकून झाल्या. रायपूर-नागपूरहून पाहुणे येतील आणि या खोल्यांचे रोजाचे दोन रुपये हसत मोजतील. तुम्ही घरची माणसं, म्हणून तुमच्याकडून महिन्याचे पंधराच घेतो."

आजवर भाडं आठ रुपये होतं. ज्याला परवडेल त्यानं दिवाळीनंतरच्या रविवारी कागदावर अंगठा द्यायचा, बाकीच्यांनी खोली सोडायची.

मोठी माणसं हबकली. त्यांनी निळ्या कागदाकडे पाहिलं, लांबूनच खुंट्यांकडे पाहिलं आणि माना हलवल्या. जवळ जाऊन मात्र एकानंही पाहिलं नाही! त्याला कारण होतं. कारखान्याच्या मोजणीच्या खुंटीला एकानं म्हैस बांधली होती, खुंटी उपटली गेली आणि त्याला चार दिवस साहेबाच्या दारात उभं राहावं लागलं. तेव्हापासून वस्तीतली प्रत्येक आई लेकरांना बजावत असे, "चुलीत हात घाल, पण सरकारी खुंटीले हात लावू नको!"

सत्यशीलाचे बाबा, लहानू, कोळशाच्या भट्टीवर पाळीनं काम करत. त्यांनी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तिला जवळ बसवलं.

"पंधरा आपल्याच्यानं होत नाही, बेटा. मी ठेकेदाराच्या बराकीत राहीन. तेथी बाया-लेकरं राहू देत नाही. तू मामाकडे जाजो गावाले."

"बरं."

"गावात शाळा चौथीपर्यंतच आहे, अन् तू सातवीत. तुह्या मायले मी काय सांगू?"

सत्यशीलाची आई, रुक्मा, आषाढात तापानं गेली होती. "शाळा नाही सोडायची," हे तिचं ठरलेलं वाक्य. ती गेली तेव्हा सगळे रडले. सत्यशीला रडली नाही. पुढंही नाही. परवा तव्याचा चटका बसला तो तिला संध्याकाळी फोड दिसला तेव्हा कळला. आपल्याला गावाला जायचं आहे, शाळा सुटणार आहे, हे तिला माहीत होतं. पण त्याचं वाईट मात्र वाटत नव्हतं. कशाचंच काही वाटत नव्हतं.

"अवं! अवं, माही शेळी!"

कमलिनीच्या किंकाळीनं ती भानावर आली. कमलिनीच्या शेळीचं नाव फटाकी, आणि गुणही तसेच! दोरी तोडून ती मैदानात पोचली होती आणि एका लाल खुंटीशी उभी राहून मजेत रवंथ करत होती.

"खुंटी खाऊन राहिली! सरकारी खुंटी!" देवीदास ओरडला. "मेलो! माह्या बाबाची नोकरी गेली!"

"शेळी माही, अन् नोकरी तुह्या बाबाची कशी जाईन रे?"

"माहे बाबा मोजणीत आहे न!"

तिघंही धावली. देवीदासनं शेपूट धरलं, कमलिनीनं शिंगं. फटाकीनं दोघांनाही मातीत लोळवलं आणि पुन्हा खुंटीला तोंड लावलं. देवीदास उठला, कपडे झटकले आणि जागच्या जागी थांबला.

"शेळी लाकूड कवापासून खायले लागली बे?"

सत्यशीला खाली वाकली. लाल रंगाच्या खाली, खुंटीच्या बाजूनं, कोवळी हिरवी पानं फुटली होती. बारीक, गोल, जोडीजोडीनं.

"हा तं शेवगा आहे," ती म्हणाली. सकाळपासूनचं तिचं सगळ्यांत मोठं वाक्य ते!

ती पुढच्या खुंटीकडे गेली. तिलाही पानं! तिसरीला, चौथीला... बावीस खुंट्या, आणि बावीसही हिरव्या!

देवीदासचे वडील, केवलराम, मोजणीच्या तुकडीत खलाशी होते. साहेबांची मोजायची साखळी धरायची, खुंट्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. दोन महिने ते राजहऱ्याच्या खाणीकडे होते. त्यांनी आणलेली एक मोडकी खुंटी घरात दाराला अडसर म्हणून लावलेली असे. देवीदास धावत जाऊन ती घेऊन आला.

"पाय! सालाच्या झाडाचं लाकूड. डांबरात बुडवलेलं. माथ्यावर खिळा, बाजूले नंबर. या खुंटीले खिळा कुठी आहे? नंबर कुठी आहे?"

"उपटून पाहू," सत्यशीला म्हणाली.

"वेडी झाली का? सरकारी असली तं?"

"मले भेव नाही वाटून राहिलं," ती म्हणाली. ते खरंच होतं. तिनं दोन्ही हातांनी खुंटी धरली, हलवली आणि ओढली. खुंटी बाहेर आली. टोकाला दोऱ्यासारखी पांढरी मुळं लोंबत होती, आणि टोक कुऱ्हाडीनं तासलेलं होतं. कापावर दोन उठावदार रेषा होत्या, शेजारी-शेजारी.

"दात पडलेली कुऱ्हाड!" देवीदास म्हणाला. "मालकाच्या गड्याची, नत्थूची! फोडलेल्या लाकडावर अशाच रेघा असते!"

"पण एवढा शेवगा आणला कुठून त्यानं?" कमलिनीनं विचारलं.

सत्यशीलानं खुंटी परत तशीच रोवली आणि उठून ती सरळ आपल्या खोलीमागे गेली. आषाढापासून ती तिथं गेली नव्हती, बाबाही नाहीत. चार वर्षांपूर्वी गाव सोडताना आईनं मनगटाएवढी एक फांदी आगगाडीत मांडीवर धरून आणली होती. "शेवग्याले बी कायले पायजे? फांदी खुपसली का झालं झाड," असं म्हणत ती तिनं इथं लावली होती. रोज तांदळाचं धुवण त्याच्या मुळाशी ओतायची.

झाड बोडकं झालं होतं. एकूण एक फांदी तोडलेली. प्रत्येक कापावर दोन रेषा, शेजारी-शेजारी.

हे झाड कुणाचं, ते देवीदास आणि कमलिनीला ठाऊक होतं.

"सांगतोच सगळ्यायले!" देवीदास मुठी वळून म्हणाला.

"थांब. आपण सांगितलं तं म्हणतीन, पोट्टे खेळून राहिले. मालकाच्याच तोंडून निघालं पायजे." सत्यशीलाचा आवाज शांत होता. छातीत मात्र काहीतरी टोचत होतं, फार दिवसांनी.

"म्हणजे आगगाडी नाही?" देवीदासनं हळूच विचारलं.

"नाही."

"अस्वलही नाही?" कमलिनी म्हणाली.

"नाही."

देवीदासनं सुस्कारा सोडला. "एखादा दिवस थांबून सांगितलं तं नाही चालणार का?"

"रविवारीच सांगू," सत्यशीला म्हणाली.

रविवार उजाडला. सत्यशीलाची पत्र्याची पेटी दारात बांधून तयार होती, दुपारच्या पॅसेंजरनं तिला जायचं होतं. बाजेवर मालक बसले होते, पुढ्यात शाईची डबी. मागं नत्थू. सगळी वस्ती मान खाली घालून उभी होती. केवलराम काका आदल्या संध्याकाळीच घरी परतले होते, हे काय चाललंय म्हणून तेही येऊन उभे राहिले.

मालकांनी डबी उघडली, तेवढ्यात सत्यशीला पुढं आली.

"मालक, एक विचारू का?"

"विचार की, बाळ!"

"या खुंट्या कोणं ठोकल्या?"

"साहेबांनी! मोजून! मी स्वतः उभा होतो."

"तुमची एकही नाही?"

"माझी कशी असेल? सगळ्या सरकारी!"

"लाकूड चांगलं आहे का?"

"चांगलं? पक्कं सालाचं लाकूड! पन्नास वर्षं त्याला काही होणार नाही!"

सत्यशीलानं मागं वळून मान हलवली. कमलिनीनं दोरी सोडली. दोन दिवस मुद्दाम बांधून ठेवलेली फटाकी जी सुटली, ती थेट मैदानात! एक खुंटी चाखली, दुसरी चाखली...

"अहो, हाकला तिला!" मालक ताडकन उठले. "सरकारी लाकूड आहे ते!"

"पण मालक, शेळी सालाचं लाकूड खाते का?" देवीदासनं भोळ्या चेहऱ्यानं विचारलं.

लोक पहिल्यांदाच खुंट्यांजवळ गेले. वस्तीतल्या सगळ्यांत वडील मैनाबाई खाली वाकल्या, एक पान खुडलं, चुरगळलं, हुंगलं आणि तोंडात टाकलं.

"मायबाई! हा तं शेवगा होय! भाजी करा भाजी!"

एकच हशा उसळला. मालकांनी गर्रकन नत्थूकडे पाहिलं, आणि बिचारा नत्थू घाबरून बोलून गेला, "माह्याकडे काहून पायता, मालक? मी म्हटलं होतं, वाळलेलं लाकूड आणतो. तुमीच म्हटलं, मागं झाड आहे, तोड पटकन!"

हसणं थांबलं. केवलराम काकांनी बाजेवरचा निळा कागद उचलून उन्हात धरला.

"ही तं नालीच्या नकाशाची नकल आहे! जुन्या सेक्टरच्या नालीची! याच्यात बाग कुठी आहे?"

"येईल हो बाग... आज ना उद्या..." मालक डबी खिशात कोंबत पुटपुटले. शाईनं सदरा निळा झाला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"येईन तवा पाहू," मैनाबाई म्हणाल्या. "तवर आठच देऊ. अन् खोली कोणीच सोडणार नाही!"

मालकांनी मान डोलावली, दुसरं करणार काय? टांगा इतक्या घाईनं निघाला की नत्थूला मागून पळावं लागलं.

मग काय विचारता! केवलराम काकांनी तिघांच्याही पाठीवर थाप मारली. "आमी इतके लोक कारखाना बांधून राहिलो, अन् दारातली खुंटी पाहाची अक्कल नाही! लेकरायनं शिकवली!" मैनाबाईंनी करंज्यांचा डबाच आणला. देवीदासनं सगळी हकीकत चार वेळा सांगितली आणि दर वेळी शेळी थोडी मोठी होत गेली.

लहानू पेटीजवळ उभे होते. त्यांनी दोरीची गाठ सोडली.

"जायाचं नाही आता, बेटा. शाळेत जाजो."

"बरं," सत्यशीला म्हणाली.

ती आत गेली. सकाळच्या तांदळाचं धुवण पातेल्यात होतं. आषाढापासून ती ते पुढच्या नालीत फेकायची. आज पातेलं उचलून ती मैदानात आली आणि पहिल्या खुंटीच्या मुळाशी ओतायला लागली. मग दुसरीच्या. चौथ्या खुंटीपाशी धुवण संपलं. रिकाम्या पातेल्याकडे बघत ती खाली बसली. "माय," म्हणाली, आणि मोठ्यानं रडायला लागली.

देवीदास घाबरला. "काहून रडून राहिली? आपण तं जिंकलो न!"

"रडू दे तिले," कमलिनी म्हणाली. "बालटी आण."

ती दोघं नळाकडे पळाली. उरलेल्या अठरा खुंट्यांना पाणी पुरेपर्यंत त्यांच्या नऊ खेपा झाल्या.